तुमचं काम सॉफ्टवेअरमध्ये उतरतं कसं?
बिझनेस ॲनालिस्ट, डिझायनर आणि डेव्हलपर यांच्या कामाविषयी आमच्या ग्राहकांसाठी

ऑर्डर दिल्यावर पहिले काही आठवडे तुम्हाला स्क्रीनवर काहीच दिसत नाही. आमचं एक माणूस मात्र वही घेऊन तुमच्या स्टोअरमध्ये, डिस्पॅचला, अकाउंट्सला फिरत असतं आणि ‘हे असंच का करता?’ असं विचारत राहतं. ते आमचे बिझनेस ॲनालिस्ट. कोटेशनमध्ये त्यांच्या कामाची वेगळी ओळ पाहून ‘हे पैसे कशाचे?’ असं बरेच ग्राहक विचारतात. प्रश्न रास्त आहे.

भोसरीतलं एखादं मशीन शॉप घ्या. मालक सांगतात, “पार्ट प्लेटिंगला गेले की चलन करायचं, परत आले की स्टॉकला घ्यायचे.” प्लेटिंग म्हणजे पार्टवर धातूचा मुलामा, तो बाहेरून करून घेतात; चलन म्हणजे त्या मालाबरोबर जाणारा कागद. एवढ्यावर काम सुरू केलं, तर डेव्हलपर एका चलनाला एक आवक असा हिशेब बांधेल. स्टोअरकीपरच्या शेजारी सकाळभर उभं राहिलं की वेगळंच दिसतं. 500 नग गेले. त्यातले 200 मंगळवारी आले, 292 शनिवारी आले, तेही दुसऱ्या चलनाच्या मालाबरोबर एकाच टेम्पोतून. उरलेले 8 रिजेक्ट, त्यांचा निर्णय फोनवर झाला. म्हणजे एका चलनाच्या अनेक आवका, आणि एका आवकेत अनेक चलनं. हे आधी कळलं तर कागदावरच्या चार रेघा बदलतात. सॉफ्टवेअर चालू झाल्यावर कळलं तर डेटाबेस, रिपोर्ट आणि जुन्या नोंदी, सगळंच उसवावं लागतं.

याच चलनाला जीएसटीची बाजूही आहे. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल 1 वर्षात आणि यंत्रसामग्री 3 वर्षांत परत आली पाहिजे. मुदत वाढवून घेतली नसेल आणि माल आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा, म्हणजे विक्रीसारखा करपात्र व्यवहार, झाला असं धरलं जातं. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर (साचे आणि पार्ट पकडायची साधनं) यांना ही मुदत नाही. आणि माल पुरवठादाराकडून थेट जॉबवर्करकडे गेला असेल, तर मुदत त्याला माल मिळाल्यापासून मोजतात. त्यामुळे चलनाच्या स्क्रीनवर ‘वस्तूचा प्रकार’ आणि ‘जॉबवर्करला मिळाल्याची तारीख’ हे रकाने लागतात. मालक ते सांगत नाहीत, कारण ते त्यांच्या सीएंच्या डोक्यात असतं. म्हणून आमचे ॲनालिस्ट सीएंनाही भेटायला मागतात.

हे सगळं लिहून डेव्हलपरकडे सोपवलं की संपलं, असं आम्ही करत नाही. कोड लिहायच्या आधी ॲनालिस्ट, डिझायनर आणि डेव्हलपर एका टेबलाशी बसतात. डिझायनर विचारतो, नोंद करणारा उभा असतो की बसलेला? हाताला तेल असतं का? तसं असेल तर बारीक रकाने उपयोगाचे नाहीत. डेव्हलपर विचारते, शेडमध्ये मोबाइलला रेंज आहे का? नसेल तर नोंद आधी फोनवर साठवून नंतर सर्व्हरला पाठवावी लागेल. कधीकधी दोघांचं जुळत नाही. डिझायनरला सगळी बाकी चलनं एका स्क्रीनवर हवी असतात, डेव्हलपर म्हणते स्क्रीन उघडायला वेळ लागेल. तेव्हा ॲनालिस्ट सांगतात की टेम्पो दारात उभा असताना स्टोअरकीपरला फक्त त्याच पार्टीची चलनं लागतात. वाद तिथेच मिटतो. आमच्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा वेळ हाच.

बैठकीतून साध्या मराठीतली वाक्यं निघतात: ‘500 पैकी 200 आले तर चलन बंद होऊ नये, 300 बाकी दिसावेत.’ याच वाक्यांवरून डेव्हलपर काम करतात, टेस्टर तपासतात, आणि शेवटी तुम्हीही हीच वाक्यं हातात धरून काम पास करता. म्हणून ती वाचल्याशिवाय सही करू नका.

दर दोन आठवड्यांनी झालेलं काम दाखवतो. मध्येच काही सुचलं तर ॲनालिस्टना कळवा, डेव्हलपरला थेट फोन नको. आमच्या सुरुवातीच्या एका कामात अकाउंटंटनी ‘एकच कॉलम वाढवा’ असं सांगितलं, आमच्या डेव्हलपरने चांगुलपणाने वाढवला, आणि दुसऱ्या दिवशी डिस्पॅचला छापील फॉर्मवरचे आकडे सगळे सरकले. गाडी दुपारपर्यंत थांबली. चूक आमची होती, तेव्हापासून हा नियम आहे.

पहिल्या भेटीसाठी गेल्या महिन्याचं चलनबुक, इनवर्ड रजिस्टर आणि कोणी स्वतःपुरती एक्सेल शीट ठेवली असेल तर ती काढून ठेवा. खरा हिशेब बहुधा त्या शीटमध्येच सापडतो. मालकांचा अर्धा तास पुरेल, स्टोअरकीपरची मात्र पूर्ण सकाळ लागेल. भोसरी-चाकणकडे बऱ्याच ठिकाणी गुरुवारी सुट्टी असते, तो दिवस सोडून वेळ द्या. आम्हाला काम चालू असताना बघायचं आहे.