रिंग गेल्यात की वॉल्व्ह सील? जाड ऑइल ओतायच्या आधी एवढं बघा

गाडी जुनी झाली आणि डिपस्टिकवर ऑइल दर महिन्याला खाली दिसायला लागलं की गॅरेजमधला सल्ला ठरलेला, "वीस-पन्नास टाका साहेब, जाड ऑइल, बघा कसं थांबतं." मीपण टाकलं होतं. सतरा वर्षांची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, आठशे किलोमीटरला लिटरभर ऑइल खात होती, जाड टाकल्यावर अकराशे-बाराशेला लिटर खायला लागली, मी खूश, मेस्त्री खूश. पण ऑइल नेमकं जातंय कुठून हे दोघांनीही बघितलं नव्हतं.

आधी ते गळत नाहीये ना एवढं बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकायचा, सकाळी त्यावर मोठा डाग असेल तर तुमचा विषयच वेगळा. डाग नाही, इंजिन बाहेरून कोरडं आहे आणि तरी ऑइल कमी होतंय म्हणजे ते आत जळतंय, धूर निळसर येणार. (काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंटचा संशय घ्या.) आता आत जळायला ऑइलला मुख्य वाटा दोनच, खालून किंवा वरून, आणि आपल्याकडे दोन्हीला सरसकट "रिंग गेल्या" म्हणून मोकळे होतात.

खालून म्हणजे पिस्टनच्या रिंगांपासून. वरच्या दोन रिंगा मुख्यतः कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, धरतात, तिसरी ऑइल रिंग, तिचं काम सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून परत इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये पाठवायचं. ती झिजली किंवा तिच्यामागची बारीक भोकं कार्बनने बुजली की ऑइल वर राहतं आणि जळतं. वरून म्हणजे वॉल्व्ह सील, वॉल्व्हच्या दांडीवर बसवलेली रबराची छोटी टोपी. वर्षानुवर्षं तापून ते रबर कडक होतं, मग हेडमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल दांडीवरून ओघळत खाली उतरतं. एक लोखंडाची झीज, दुसरं रबराचं म्हातारपण, आणि खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, कारण रिंगांसाठी इंजिन खोलावं लागतं, सील बऱ्याच गाड्यांत हेड न उतरवताही बदलता येतात.

ओळखायचं कसं? प्लग काढून बघण्याने फारसं कळत नाही, दोन्हीत तो काळा-ओला निघू शकतो. धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली, भसकन निळा धूर आला आणि मिनिटभरात गायब, तर सीलवर संशय, कारण रात्रभर थेंब थेंब उतरलेलं ऑइल पहिल्या फटक्यात जळतं. दुसरी परीक्षा घाटात. खंडाळ्याचा नाहीतर ताम्हिणीचा उतार सेकंड गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा, तेव्हा इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो वॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल ओढतो. खाली सपाटीला आल्यावर पाय दाबा आणि आरशात बघा. निळा ढग दिसला तर बहुतेक सील. बहुतेक म्हणतोय कारण व्हॅक्यूम रिंगांमधूनही थोडं ओढतोच. याउलट धूर चढावर, गाडी भरलेली असताना, जोर लावला की सतत येत असेल आणि इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडल्यावर फक-फक हवा बाहेर येत असेल तर रिंगा. पण त्याआधी पीसीव्ही वॉल्व्ह चोंदलाय का बघा, इंजिनच्या पोटातला गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा छोटासा पार्ट असतो आणि त्याच्यामुळेही गाडी ऑइल खाते.

कॉम्प्रेशन टेस्टनेही कळतं. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात. आता इथे एक फसगत आहे. वॉल्व्ह सील गेली तरी कॉम्प्रेशन बरोबरच येतं, आणि नुसती ऑइल रिंग कार्बनने चिकटली असेल तरीही बरोबर येतं, त्यामुळे "कॉम्प्रेशन ओके आहे, रिंगा ओके" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

मग जाड ऑइलचं काय? झिजलेल्या फटीतून जाड ऑइल हळू जातं हे खरंच आहे, आणि पातळ ऑइलपेक्षा त्याची वाफही साधारण कमी होते, त्यामुळे झिजलेल्या रिंगा असोत की सील, थोडा फरक पडतो. पण ऑइल रिंग चिकटली असेल तर जाड ऑइल तिला सोडवत नाही, बुजलेल्या भोकांतून ते उलट अजून सावकाश परतणार. आणि कडक झालेलं रबर काही जाड ऑइलने मऊ होत नाही.

आकड्यांचाही घोळ असतो. २०डब्ल्यू-५० मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा, नंतरचा गरम इंजिनचा. १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (हे जाडीचं माप), ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये बसतं. म्हणजे ५डब्ल्यू-४० काढून १५डब्ल्यू-४० टाकणाऱ्याला वाटतं आपण जाड टाकलं, पण गरम इंजिनला दोन्ही एकाच पट्ट्यात. खरंच जाड हवं असेल तर मागचा आकडा वाढवा, तोही एकच पायरी, ३० वरून ४०. जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार तीन-चार ग्रेडचा तक्ता असायचा, त्या तक्त्यात राहा म्हणजे झालं. नव्या ०डब्ल्यू-२० वाल्या इंजिनात मात्र थेट ५० ओतायचं धाडस करू नका, तिथे बऱ्याचदा वॉल्व्ह टायमिंग, म्हणजे वॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, ऑइलच्या प्रेशरवर बदलतं आणि बारीक वाटांतून जाड ऑइल वेळेवर पोचेलच असं नाही.

आणि खाते किती ते आधी मोजा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना, प्रत्येक टॉप-अप वहीत लिहून. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, तेवढ्यात असेल तर नुसता टॉप-अप करत राहणं मला तरी पटतं. फक्त जळणारं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा पार्ट) हळूहळू खराब करतं, तो खर्च धरून ठेवा.

माझ्या गाडीचा घोळ घाटानेच सोडवला, खाली उतरल्यावर आरशात निळा ढग, नंतर अख्ख्या सपाटीला काही नाही. दुसऱ्या मेस्त्रीने कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) उतरवला, प्लगच्या भोकातून सुती दोरी सिलिंडरमध्ये सारली आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टनने ती वर दाबली, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर वॉल्व्ह आत पडणार नाहीत. हेड जागेवरच. सोळाच्या सोळा सील निघाल्या, एक मी बोटात दाबून बघितली तर चिंचेच्या टरफलासारखी टचकन मोडली. ऑइल परत तक्त्यातलं ४० टाकलं, आता तीन हजार किलोमीटरला पाव लिटर लागतं, आणि अर्धा कॅन वीस-पन्नास अजून माळ्यावर पडलाय.