जीवनानुभव आणि आरोग्य

माणसाच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचे त्याच्या शरीरावर उमटणारे दीर्घकालीन परिणाम. उपासमार, मारहाण, आईवडिलांचे छत्र हरपणे, वर्षानुवर्षांचे सेवेचे ओझे, एकटेपणा असे अनुभव आनुवंशिकता आणि सवयी यांच्या जोडीने आजारांचा धोका वाढवतात. तरीही दवाखान्यात रुग्णाला तंबाखूबद्दल विचारतात, बालपणाबद्दल क्वचितच.

हा परिणाम जन्माआधीच सुरू होऊ शकतो. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने रसद तोडल्यामुळे पश्चिम नेदरलँड्समधल्या शहरांत रोजचा शिधा माणशी हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात ज्यांच्या माता गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत होत्या, ती बाळे जन्मताना वजनाने साधारण इतरांसारखीच भरली. पुढे मात्र त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांची 2008 साली त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना झाली, तेव्हा वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या दिसल्या.

बालपणाविषयीचा सर्वांत परिचित अभ्यास व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत सॅन डिएगो येथे करून 1998 मध्ये प्रसिद्ध केला. छळ, आईला होणारी मारहाण, घरातले व्यसन, घरातल्या कुणाचा तुरुंगवास अशा सात प्रकारांबद्दल प्रौढांना विचारले गेले. निम्म्याहून अधिकांनी किमान एक प्रकार अनुभवला होता. चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका 4 ते 12 पट होता. हृदयविकार आणि फुप्फुसांचे आजारही चढत्या क्रमाने वाढलेले होते. काही वाटा सरळ आहेत: दुःख विसरायला ओढलेली सिगारेट फुप्फुसे जाळतेच. पण सवयी बाजूला ठेवल्या तरी काहीतरी उरते.

ते म्हणजे ताणाची शारीरिक यंत्रणा. संकटात कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन वाढणे उपकारक असते. संकट सरेचना, तर तीच रसायने रक्तवाहिन्या, साखरेचे नियमन आणि प्रतिकारशक्ती झिजवतात. या झिजेला ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर यांनी 1993 मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले. 1995 च्या एका छोट्या प्रयोगात ती उघड्या डोळ्यांना दिसली. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली गेली. त्याच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा ती भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले.

हे सारे आकडे समूहांचे आहेत. एखाद्या व्यक्तीच्या बालपणावरून तिचा आजार वर्तवणे चूक आहे, आणि त्या व्यक्तीवर अन्यायही.

धोका कमीही होतो, हे रुमानियातल्या अनाथालयांतील मुलांवर 2000 नंतर झालेल्या अभ्यासातून कळते. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना पालक कुटुंब मिळाले, त्यांच्या मेंदूतील लहरी आठव्या वर्षी आपल्याच घरी वाढलेल्या मुलांसारख्या होत्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या.