नळीच्या तोंडाशीच हरवणारी धूळ

जमिनीवर पीएम१०, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतची धूळ (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मोजणाऱ्या यंत्राचं प्रमाणित तोंड मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतं. पुण्यात एरवी वारा सेकंदाला दोन-तीन मीटरचा, त्यामुळे धूळ निमूट आत जाते. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचा 'कायपीक्स' प्रकल्प विमानातून ढग आणि एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे बारीक कण, मोजायला २००९ मध्ये सुरू झाला. तिथे समोरून येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला साधारण १०० मीटर. या वेगात आतलं उपकरण कितीही महाग असो, काय मोजलं जाणार हे नळीचं तोंड, म्हणजे इनलेट ठरवतं.

खंबाटकी घाटाच्या वळणावर दुचाकी सहज वळते, भरलेला ट्रक सरळ जाऊ पाहतो, कणांचंही तसंच. १०० मीटर वेगाचा १ मायक्रॉनचा कण थांबलेल्या हवेत शिरला, तर जेमतेम पाव मिलिमीटरमध्ये थांबतो. १० मायक्रॉनचा कण सेंटिमीटरभर पुढे जातो. म्हणून तोंडातल्या हवेचा वेग बाहेरच्याइतकाच ठेवावा लागतो. पंप कमी पडला की हवा तोंडाला वळसा घालते, पण मोठे कण सरळ आत घुसतात आणि धूळ आहे त्याहून जास्त दिसते. पंपाने जास्त ओढलं की उलटी चूक होते.

आता हिशोब बघा. ५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडातून १०० मीटर वेगाने मिनिटाला सुमारे ११८ लिटर हवा येते. कण मोजणाऱ्या यंत्राला मात्र लिटरभरच हवी असते. उरलेली बाहेर सोडायची. तोंड बारीक करून भागेल असं वाटतं, पण मग आतल्या भिंतीच धूळ पकडतात आणि उंचावर तोंड बर्फाने बुजतं.

आत आलेल्या हवेचा वेग दहापट कमी करायला नळी शंकूसारखी रुंदावत न्यायची, हाच डिफ्यूजर. ५ मिलिमीटरवरून १६ मिलिमीटरपर्यंत जाताना प्रत्येक बाजूचा उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेवला, तर लांबी ९ सेंटिमीटर होते. घाईने रुंदावलं की प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि भोवरे मोठे कण भिंतीवर आपटतात. उतार बरोबर असला तरी खळबळ पुरती जात नाही. त्यावरचा नामी उपाय म्हणजे सच्छिद्र भिंत: भिंतीलगतची हवा छिद्रांतून शोषून घ्यायची. २००० साली सेंट क्रॉय बेटाजवळ सी-१३० विमानावर असा इनलेट तपासला गेला. साध्या इनलेटची परीक्षा स्वस्तात होते. उड्डाणानंतर नळी शुद्ध पाण्याने धुवायची आणि धुवणीतलं, म्हणजे भिंतीला चिकटलेल्या कणांतलं, सोडियम, कॅल्शियम नळीपुढच्या फिल्टरवरच्याशी ताडून बघायचं. हे काम कंटाळवाणं असल्याने टाळलं जातं, आणि तिथेच फसगत होते.

जागाही महत्त्वाची. नाकापासून ३ मीटर मागे विमानाच्या कातडीलगत सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा मंदावलेला थर असतो. तोंड त्याच्या बाहेर हवं, शिवाय पंख्याच्या पुढे आणि धुराड्यापासून दूर. इंधन जळून वजन घटलं की विमानाचा कलही बदलतो. धारदार कडा अशा तिरप्या हवेत दगा देते, म्हणून कड गोलसर ठेवतात किंवा बाहेरून कवच घालून प्रवाह सरळ करतात.

हवा थांबवली की तापते: १०० मीटर वेगाला ५ अंश, जेटच्या २०० मीटरला २० अंश. ओलसर कणांतलं पाणी उडतं आणि ते आकसतात. नळीचंही पथ्य असतं. प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठून कण चिकटतात, म्हणून स्टील घ्यावं. काळी वाहक सिलिकॉन नळी चालते, पण ती सिलॉक्सेन वाफा सोडते. कणांची रासायनिक घडण तपासणारा वस्तुमान वर्णपटमापी (मास स्पेक्ट्रोमीटर) जोडायचा असेल तर नकोच.

एक चूक हमखास होते. पंपाचं नियंत्रण हवेच्या वस्तुमानावर असतं आणि ते जमिनीवरच जुळवलेलं असतं. ६ किलोमीटर उंचीवर हवेची घनता जवळपास निम्मी. तेवढंच वस्तुमान ओढायला आकारमान पावणेदोन पटींहून वाढतं, मोठे कण निसटतात आणि उंचावर धूळ विरळ झाल्याचा आलेख निघतो.

ढगात शिरल्यावर तर साधा इनलेट बंदच समजावा. थेंब कडेवर आपटून फुटतात आणि त्यांचे तुकडे कण म्हणून मोजले जातात. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या पर्जन्यछायेत झाले तशा ढगांतल्या बीजारोपणाच्या प्रयोगांत थेंबाच्या पोटातलं बीज, म्हणजे ज्या कणावर थेंब तयार झाला तो कण, बघायचं, तर तोंडातून कोरडी, स्वच्छ हवा उलटी बाहेर सोडणारा इनलेट लावतात: हलके कण परत फिरतात, जड थेंब ती हवा भेदून आत येतात आणि वाळून बीज मागे ठेवतात.