कासुले

दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक प्रदेशातील, पांढरा घेवडा आणि मांस भट्टीत तासन् तास मंद शिजवून केला जाणारा थंडीतला पदार्थ. ‘कासोल’ नावाच्या, वर रुंद व तळाशी निमुळत्या मातीच्या भांड्यावरून त्याला हे नाव पडले. कास्तेलनोदारीत त्यात डुकराचे मांस आणि बदकाचे किंवा हंसाचे कॉन्फी (मिठात मुरवून चरबीत शिजवलेले मांस) घालतात, कार्कासोनमध्ये मेंढीचे मांस आणि हंगामात तितर, तर तुलूजमध्ये तिथले भरड मांसाचे सॉसेज. प्रॉस्पर मोंतान्ये या बल्लवाचार्याने १९२९ मध्ये या तिन्हींना ख्रिस्ती त्रैक्यातील अनुक्रमे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हटले. तो स्वतः कार्कासोनचा होता, तरी पहिला मान त्याने शेजारच्या गावाला दिला. चौदाव्या शतकात इंग्रजांच्या वेढ्यात हा पदार्थ जन्मला, अशी दंतकथा आहे. पण घेवडा अमेरिकेतून युरोपात आला तो सोळाव्या शतकात. त्याआधी असे काही शिजत असलेच, तर ते बाकला या युरोपातल्या जुन्या कडधान्याचे.

चार माणसांना सुका घेवडा ३५० ते ४०० ग्रॅम, कॉन्फी केलेल्या दोन तंगड्या, सॉसेज सुमारे ३०० ग्रॅम, डुकराच्या खांद्याचे मांस २०० ग्रॅम आणि डुकराची कातडी २५० ग्रॅम लागते. घेवडा रात्रभर भिजवून, ताज्या पाण्यात पाच मिनिटे उकळून ते पाणी ओतून टाकतात. हाडे, कातडी, कांदा, गाजर यांचा स्टॉक तासभर उकळून गाळायचा आणि त्यात घेवडा तासभर शिजवायचा: दाणा बोटाने सहज दाबला जावा, पण फुटू नये. जुना दाणा, कॅल्शियमयुक्त जड पाणी किंवा सुरुवातीलाच घातलेला टोमॅटो यांमुळे साल कडकच राहते. मीठ शेवटी चाखून घालावे. कॉन्फी आधीच खारट असते.

मग शिजलेली कातडी भांड्याच्या तळाशी पसरून तिच्यावर एक तृतीयांश घेवडा, चरबीत परतलेले मांस व कॉन्फी, उरलेला घेवडा असे थर लावतात. सॉसेज वरून खोचतात. गरम स्टॉक दाणे जेमतेम बुडतील इतका, आणि वर चमचाभर चरबी. १५० ते १६० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दोन ते तीन तास ठेवले की वर तपकिरी पापुद्रा धरतो. तो चमच्याने आत दाबायचा आणि पुन्हा धरू द्यायचा. जुने लोक सात वेळा म्हणतात, तीन-चार वेळाही चालते. वरचे दाणे सुके दिसू लागले तर कडेने दोन-तीन चमचे स्टॉक सोडावा. कातडीतले जिलेटिन आणि दाण्यांतला स्टार्च यांनी रस दाटतो आणि पापुद्राही धरतो. पावाचा चुरा ही पळवाट आहे, कास्तेलनोदारीत ती मान्य नाही.

कातडी कमी पडली, तर रस पाणचट होतो. प्रेशर कुकरमध्ये दाणा फुटून लगदा होतो आणि पापुद्रा तर धरतच नाही. विजेच्या मंद आचेच्या भांड्यात कच्चा घेवडा टाकणे धोक्याचे आहे: त्यातील लेक्टिन हे विषारी द्रव्य उकळीनेच नष्ट होते, कोमट आचेवर टिकून राहते आणि उलट्या-जुलाब होतात.

आदल्या दिवशी केलेले कासुले अधिक मुरते. खाण्याआधी १५० अंशांवर दीड तास तापवावे आणि न ढवळता, त्याच भांड्यातून उकळत असतानाच वाढावे.