‘एमएसकॉन्फिग’मधील खुणेने संगणक वेगवान होत नाही

दर्यापूर तालुक्यातील एका गावात सातबारा काढून देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाने विचारले की, ४ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र काम करणारा भाग) संगणक २च कोअर का दाखवतो. विंडोज सुरू होण्याची मांडणी बदलणाऱ्या ‘एमएसकॉन्फिग’ या साधनाच्या ‘बूट’ भागात प्रोसेसरच्या संख्येच्या चौकटीत खूण करून संख्या निवडली की यंत्र वेगवान होते, हा समज जुना असला तरी निखालस चुकीचा आहे. ती चौकट रिकामी असतानाच विंडोज सर्व कोअर वापरते. तेथे खूण केल्याने वापर केवळ मर्यादित होतो, कारण ही सोय मुळात चाचणीसाठी आहे. या केंद्रात कोणीतरी ‘२’ निवडून ठेवले होते, आणि भारनियमनात संगणक कितीदा बंद-चालू झाला तरी अशी खूण टिकून राहते. ती काढून संगणक पुन्हा सुरू करताच टास्क मॅनेजरमध्ये (संगणकाचे चालू काम दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनात) चारही कोअर दिसले. अशी खूण नसेल, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ मांडणीत) कोअर बंद केलेले नाहीत ना, हेही पाहावे.