जावास्क्रिप्टमधील तारीख आणि वेळ

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत तारीख-वेळ हाताळण्यासाठी ‘डेट’ हा ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरच्या कृती एकत्र ठेवणारी रचना) १९९५ पासून आहे. नाव डेट असले, तरी त्याच्या पोटात तारीख नसते. असते ती एकच संख्या: यूटीसीनुसार (जगभर प्रमाण मानली जाणारी वेळ) १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद. वर्ष, महिना, वार हे सारे विचारल्यावर त्या त्या यंत्राच्या टाइमझोननुसार काढून दिले जाते. म्हणजे डेट एक क्षण सांगतो, आणि कॅलेंडरवरची तारीख म्हणून तो वापरला की बहुतेक घोळ सुरू होतात.

१९७० च्या दोन्ही बाजूंना १० कोटी दिवस एवढा त्याचा आवाका आहे, त्यामुळे इ. स. २७५७६० पर्यंतची काळजी मिटते. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या प्रणालींना २०३८ मध्ये येणारी अडचण (तेव्हा त्यांची संख्या मावेनाशी होते) इथे येत नाही. लीप सेकंद, म्हणजे घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून घातलेले जादा सेकंद, मोजले जात नाहीत. प्रत्येक दिवस ८,६४,००,००० मिलिसेकंदांचाच धरला जातो.

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप या ब्राउझर कंपनीत या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला, तेव्हा ती जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेसारखी दिसावी असा आग्रह होता. त्यामुळे डेट जावाच्या तेव्हाच्या डेट वर्गावरून जवळपास जसाच्या तसा उचलला गेला. जावाने १९९७ मध्येच त्या वर्गातील बहुतेक मेथड (त्यावर चालणाऱ्या कृती) कालबाह्य ठरवल्या. जावास्क्रिप्टला ती मुभा नव्हती, कारण त्यावर चालणारी जुनी पाने मोडली असती. म्हणूनच महिने आजही ० पासून मोजले जातात (जानेवारी ०, डिसेंबर ११), दिवस मात्र १ पासून. वारांत रविवार ०. वर्ष ० ते ९९ दिले तर ते १९०० ते १९९९ समजले जाते. टाइमझोनचा फरक विचारणारी मेथड भारतात ३३० ऐवजी उणे ३३० मिनिटे देते.

नसलेली तारीख दिली तर ती नाकारली न जाता पुढे ढकलली जाते. ३१ जानेवारी २०२५ मध्ये महिना एकने वाढवला, की ३१ फेब्रुवारी नसल्याने उत्तर ३ मार्च येते. दरमहा हप्ता किंवा वर्गणी आकारणाऱ्या प्रणालींत हा बग हमखास सापडतो. याच ढकलण्याचा एक उपयोगही आहे: पुढच्या महिन्याची ० तारीख मागितली, तर चालू महिन्याचा शेवटचा दिवस मिळतो, लीप वर्षासकट. शिवाय हे बदल मूळ ऑब्जेक्टवरच होतात. फंक्शनला दिलेली तारीख आत बदलली गेली तर बाहेरही बदलते, म्हणून आधी प्रत करून घ्यावी. दोन डेट समान आहेत का हे पाहताना त्यांचे मिलिसेकंद ताडावेत. थेट तुलना केली तर क्षण तोच असूनही दोन वेगळे ऑब्जेक्ट असमान ठरतात.

भारतीय प्रोग्रामरला सर्वाधिक छळतो तो साडेपाच तासांचा फरक. फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट निवडली आणि पिकरने (तारीख निवडायच्या खिडकीने) स्थानिक मध्यरात्रीचा डेट बनवला, तर जेसनमध्ये (माहिती पाठवण्याच्या मजकुरी स्वरूपात) तो १४ ऑगस्ट १८:३० यूटीसी असा जातो. सर्व्हरने पहिली दहा अक्षरे कापून घेतली की जन्मतारीख एका दिवसाने मागे सरकते. आयएसओ मजकूर (वर्ष-महिना-दिवस या क्रमाने यूटीसीत लिहिलेली तारीख-वेळ) कापून ‘आजची तारीख’ काढणारा कोडही मध्यरात्र ते पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख दाखवतो. दिवसा तपासणी करणाऱ्यांना ही चूक कधीच दिसत नाही. उलट दिशेची चूक भारतात झाकली जाते. नुसती ‘२०२४-०३-१५’ अशी तारीख यूटीसी समजली जाते, तर तिच्यापुढे वेळ जोडली की स्थानिक. भारतात नुसत्या तारखेचे पहाटे ५:३० होतात आणि दिवस बरोबर दिसतो. तेच पान न्यू जर्सीत उघडले की १४ मार्च दिसते.

उपाय साधा आहे. जन्मतारीख, सुट्टी, देय दिनांक यांना टाइमझोन नसतो. त्या वर्ष-महिना-दिवस अशा मजकुरातच ठेवाव्यात, डेटमधून नेऊच नयेत. घडून गेलेल्या घटनांची वेळ यूटीसीमध्ये साठवावी. पुढच्या भेटीगाठींसाठी स्थानिक वेळ आणि टाइमझोनचे नाव दोन्ही ठेवावे, कारण सरकारे नियम बदलतात. सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. मात्र नावांची अक्षरशः तुलना टाळावी: ‘एशिया/कोलकाता’ ऐवजी क्रोम अनेक वर्षे ‘एशिया/कॅलकटा’ हे जुने नाव देत आला आहे.

तारीख दाखवण्याचे काम ‘इंटल’ या भाषा-प्रदेशानुसार मजकूर मांडणाऱ्या सोयीवर सोपवावे. भाषा मराठी-भारत आणि तारखेची शैली ‘लाँग’ दिली की ‘१५ मार्च, २०२४’ असे देवनागरी अंकांसह उत्तर येते. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका मागितली तर २२ मार्च २०२५ ही १ चैत्र १९४७ होते. पण हे पंचांग नव्हे, तिथी किंवा अधिक मास त्यातून मिळत नाही. देवनागरी अंकांतला हा मजकूर डेटला परत वाचता येत नाही, म्हणून तो फक्त पडद्यापुरता ठेवावा.

डेटच्या उणिवा भरून काढणारी मोमेंट ही लायब्ररी (तयार कोडचा संच) वर्षानुवर्षे सर्रास वापरली गेली. २०२० मध्ये तिच्या कर्त्यांनीच नव्या प्रकल्पांत ती घेऊ नये असे सुचवले. भाषेतलेच उत्तर म्हणजे टेम्पोरल, जे फायरफॉक्समध्ये मे २०२५ पासून उपलब्ध आहे. त्यात क्षण, नुसती तारीख, नुसती वेळ आणि टाइमझोनसह वेळ यांचे प्रकार वेगळे आहेत. महिने १ पासून सुरू होतात, मूळ किंमत बदलत नाही, आणि ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला तर २८ फेब्रुवारी येते. हवे असल्यास अशा वेळी त्रुटी द्यायलाही सांगता येते. डेट काढून टाकलेला नाही. जुन्या कोडमधला डेट टेम्पोरलच्या क्षणात बदलणारी मेथड आहे, आणि त्या क्षणापासून तारखेपर्यंत पोहोचण्यासाठी टाइमझोनचे नाव स्वतः द्यावे लागते.