"मले नाई जमत": शिकायचं राहिलंय की मन खोटं बोलतंय?

आमच्या वहिनी आशा सेविका आहेत, वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान गावात. "मले नाई जमत बाप्पा" हे मी त्यांच्या तोंडून दोनदा ऐकलं, शब्द तेच पण दुखणं वेगळं, आणि ह्या दोन दुखण्यांची आपण कायम गल्लत करतो म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा नवीन होत्या. बाळाचं वजन घ्यायचा झोळीचा काटा असतो ना, त्याला आधी रिकामी झोळी लटकवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. वहिनी शून्य करायचंच विसरायच्या, मग झोळीचं वजनही बाळाच्या खात्यात जायचं आणि अशक्त लेकरू कागदावर बरं दिसायचं. ही खरी कसर, बोट ठेवून दाखवता येणारी. आशांच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनी समोर बसून चारदा करून घेतलं, विषय संपला.

दुसऱ्यांदा म्हणाल्या ते पाच वर्षांनी. तोवर बाळंतपणानंतरच्या घरभेटी, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस, एकही चुकत नव्हती. एक बाळ 2 किलोच्याही खाली भरलं तर यांनी त्याच्या आजीची समजूत घालून दवाखान्यात नेलं, ते पोरगं आता अंगणवाडीत जातं. अन् नव्या आशांना शिकवायला बोलावलं तर वहिनी म्हणतात, "ते तं नशिबानं वाचलं, मले काय येते, तिथं गेली का समद्यायले समजन."

काय येत नाही विचारलं तर एकही गोष्ट सांगता येईना. कसर कामात असते आणि सरावानं कमी होते. हे दुसरं थेट माणसावरच बोट ठेवतं, आणि काम जमत गेलं तरी हटत नाही, कारण चांगलं झालं की नशीब आणि चुकलं की मी, असा हिशोब आत चालू असतो. यालाच इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. 1978 साली अमेरिकेत पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 150 हून जास्त कर्तबगार बायकांच्या अनुभवावरून हे मांडलं, त्यांनी स्वतः सिंड्रोम शब्द वापरलाच नव्हता, आणि हा काही आजार म्हणून धरत नाहीत.

म्हणून अजून एक ट्रेनिंग करून हे जात नाही. "तुम्ही लई हुशार" म्हणूनही नाही, उलट वाटतं, असं म्हणणाराही आपल्याला फसला. आम्ही त्यांचंच रजिस्टर उघडलं आणि त्या बाळाच्या पानावर विचारलं, वहिनी, यात नशिबानं काय केलं आणि तुम्ही काय केलं? बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "काटा तं मीच पाह्यला." अजून एक, मनात बोलताना 'मी' ऐवजी स्वतःला नावानं हाक मारायची. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या प्रयोगांत अशानं भाषणाआधीची घालमेल कमी झालेली दिसली.

पण सगळंच मनाचं खूळ समजू नका. महिला सरपंच ग्रामसभेत बोलायला उठली आणि लोक तिच्या नवऱ्याकडेच पाहत बसले, तर तिची शंका लोकांनीच पेरलेली आहे, तिथं लोकांनाच टोकायला पाहिजे. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यातच राम वाटेना, तर ते ह्या दोन्हीपेक्षा वेगळं, तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

वहिनी गेल्या शिकवायला. आवाज कापत होता म्हणे. पहिल्यांदा रिकामी झोळी लटकवली आणि म्हणाल्या, "आधी हे शून्यावर आणा, मी इथंच चुकत होती."